फार शांत घर

"नाना, वाजतंय."

चारू एवढंच म्हणाली आणि चालता चालता थांबली. एक हात तिनं शेजारच्या भिंतीला टेकवला, दुसऱ्यानं माझ्या शर्टाची बाही धरली.

कुमुदनं हातातली पिशवी तिथंच रस्त्यात टाकली. "बस. खाली बस आधी. चारू, बाय माझी, बस गो." समोर कुणाच्या तरी घराची पायरी होती. तिच्यावर तिनं लेकीला बसवलं, मागून मानेखाली आपला दंड घातला आणि माझ्याकडे पाहिलं. माझं काम ठरलेलं होतं. मी दोघींच्या पुढ्यात उभा राहिलो, येणाऱ्याजाणाऱ्यांना त्या दिसू नयेत असा. अंगानं किरकोळ असल्यामुळे तेही मला धड जमत नसे.

"काय झालं ओ सर? ऊन लागलं व्हय?" आम्हाला घरं दाखवायला निघालेले कुंभोजकर पुढे गेले होते, ते परत फिरले.

"चक्कर येते तिला. कधीमधी," मी म्हणालो.

"कांदा आणू का कुठनं तरी? फोडून नाकाला लावला की झालं."

"नको, नको. बसली की बरं वाटतं."

आम्ही वाट पाहू लागलो. आता डोळे डावीकडे वळतील, मग हात. कुमुदचे ओठ हलत होते, देवाचं काहीतरी चाललं होतं. पण चारू नुसती बसून होती. तिची नजर आमच्या दोघांवरून फिरत होती, आणि तिच्या कपाळावर एक आठी होती, गणित अडल्यावर पडायची तशी.

"अजून वाजतंय," ती म्हणाली. मग हळूच, "तुम्हाला नाही ऐकू येत?"

तेव्हा मला ऐकू आलं. एक तार. कुणीतरी ती छेडत होतं, थांबत होतं, मध्ये बारीक घासल्याचा आवाज, की पुन्हा तीच तार, तोच सूर.

"अहो, ते!" कुंभोजकर हसले. "ही सतारवाल्यांची गल्ली. घरोघरी सतारी, तंबोरे करतात. हे असं दिवसभर चालायचंच. चला की, वसाहत अजून लांब हाय."

कुमुदनं मानेखालचा दंड काढून घेतला. चारू मात्र उठेना. पायरीवर बसल्या बसल्या ती आमच्या तोंडाकडे बघत होती.

"आई, तुलापण ऐकू येतंय?"

"येतंय गो. चल आता."

"खरंच येतंय?"

*

हे लिहिताना मला सगळं नीट आठवतंय असं वाटतं, पण मला तसं नेहमीच वाटतं. कुमुद असती तर चार ठिकाणी तिनं मला टोकलं असतं.

चारूला फिट्स येत. दहाव्या वर्षापासून येत होत्या आणि तेव्हा तिला चौदावं लागलेलं होतं. घरात आम्ही तो शब्द वापरत नसू. आम्ही चक्कर म्हणत असू. देवाची एकच मेहेरबानी होती. चक्कर यायच्या आधी तिला कानात तार छेडल्यासारखं ऐकू येई. ते वाजलं की ती असेल तिथं खाली बसे आणि आम्हाला हाक मारी. त्या एवढ्याशा अवधीवर आमचा संसार चालला होता. तेवढ्यात कुमुद तिला चुलीपासून ओढून घेई, विहिरीच्या काठावरून मागे घेई.

आम्ही खारेपाटणला राहत होतो. मी तिथल्या शाळेत मराठी शिकवत असे आणि ग्रंथालयाची दोन कपाटं सांभाळत असे. आदल्या हिवाळ्यात शाळेच्या स्नेहसंमेलनात, समूहगीत चालू असताना, रंगमंचावर चारूला तार ऐकू आली आणि ती खाली बसली. पण पुढचं सगळ्या गावानं पाहिलं. कुणीतरी पळत जाऊन तिच्या नाकाला वहाण लावली. त्यानंतर तिच्या शेजारी बाकावर कुणी बसेना. बाधा आहे, असं लोक माझ्या देखत म्हणत नसत, एवढाच मास्तरकीचा मान.

मिरजेत आमच्याच संस्थेची शाळा होती आणि तिथली एक जागा रिकामी झाली होती. तिथं या दुखण्याचे चांगले डॉक्टरही होते. माझ्या थोरल्या भावानं ग्रामदेवतेला कौल लावला. गुरवानं देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं, आणि आम्ही वाट पाहत उभे राहिलो. उजवी पाकळी पडली तर जावं, डावी पडली तर राहावं. एकही पडली नाही. त्या वाळून तशाच चिकटून राहिल्या. भाऊ म्हणाला, "देव बोलत नाही म्हणजे नाहीच म्हणतो." कुमुद म्हणाली, "बोलत नाही म्हणजे बोलत नाही. आपण घर बघून येऊ. घर बघितल्याशिवाय हो म्हणायचं नाही."

म्हणून आम्ही आलो होतो. संस्थेचे चिटणीस संध्याकाळच्या गाडीनं बाहेरगावी जाणार होते. त्याआधी होकार किंवा नकार सांगायचा होता. कुंभोजकर शाळेचे हेडक्लार्क; माणूस मनमोकळा, पण त्यांना खरं सांगायचा धीर मला झाला नव्हता. मुलीला असं काही आहे म्हटल्यावर संस्था काय म्हणेल, घरमालक काय म्हणेल, हे मला ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक नसलेल्या गोष्टींची मला फार भीती वाटते.

*

वसाहत स्टेशनच्या पलीकडे, ज्वारीच्या रानांना लागून होती. घरं विखुरलेली. आम्ही बघायला आलो ते घर एका निवृत्त रेल्वे गार्डाचं होतं. ते मुलाकडे हुबळीला गेले होते आणि किल्ली कुंभोजकरांकडे होती.

"आवाज म्हणून न्हाई बघा," कुंभोजकर कुलूप काढत म्हणाले. "पुस्तकं वाचत बसा निवांत. कोण येणार न्हाई, कोण जाणार न्हाई. आणि ही भिंत बघितली का? गार्डसाहेबांनी मुद्दाम उंच घेतलीय. आत माणूस काय करतंय ते बाहेर कळायचं न्हाई."

कुमुदनं घर बघितलं ते तिच्या पद्धतीनं. आधी मागचं दार: विहीर नव्हती, नळ होता. जिना नव्हता. स्वयंपाकघरातला ओटा उंच होता. मग ती न्हाणीत गेली आणि तिनं दार आतून लावून पाहिलं. कडीचा आवाज झाला. पुन्हा दार उघडून ती बाहेर आली.

"आतली कडी काढली तर चालेल का मालकांना?"

"कडी?" कुंभोजकर गोंधळले. "घर बघायला आलेली लई माणसं बघितली वैनी, कडी लावून द्या म्हणणारी. काढा म्हणणारी तुम्ही पहिल्याच."

कुमुद हसली नाही. पण ती माझ्या जवळून जाताना पुटपुटली, "चांगलं आहे." तिच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ होतं. मला तर ते घर बघताक्षणीच हवंसं झालं होतं. पुस्तकांचं कपाट कुठं ठेवायचं, खिडकीपाशी खुर्ची कशी टाकायची, हे मी मनात ठरवूनही टाकलं होतं. आणि ती भिंत. त्या भिंतीच्या आत मला कुणाच्या पुढ्यात उभं राहावं लागलं नसतं.

"चारू कुठंय?" कुमुदनं विचारलं.

ती मागच्या खोलीत होती. जमिनीवर, भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून बसली होती. कुमुद धावली.

"वाजतंय?"

"नाही."

"मग अशी का बसलीस?"

"ऐकत होते."

"काय ऐकत होतीस?" मी विचारलं.

"काही नाही, नाना." तिनं डोळे उघडले. "इथं काहीच नाहीये."

तिला घर आवडलं, असं मी समजलो.

*

दुपारी कुंभोजकरांकडे जेवण होतं. कुंभोजकरवैनींनी आग्रह करकरून वाढलं आणि मग आम्हाला ओसरीवरच्या खोलीत पडायला जागा दिली. दार लोटलं गेल्यावर चारू म्हणाली, "आपण त्या गल्लीत राहू या."

"कुठल्या गल्लीत?"

"सतारवाल्यांच्या. तिथं एकांकडे वरची खोली रिकामी आहे. कुंभोजकर काका येताना म्हणाले ना?"

म्हणाले होते खरं. म्हणजे एका घराकडे बोट दाखवून म्हणाले होते, "हे दस्तगीरभाईचं. वरची खोली द्यायची म्हणतोय; पण ते तुमच्या कामाचं न्हाई."

"तिथं जिना आहे," कुमुद म्हणाली.

"मी सांभाळून चढेन."

"आणि ती तार? दिवसभर ती वाजत राहणार. तुझं खरं वाजलं तर तुला कळणार कसं? आम्हाला हाक कशी मारशील?"

चारू वेणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"सांग ना. चुलीपाशी असलीस तर?"

"मला चुलीपाशी तू जाऊच देत नाहीस."

"उलट बोलू नकोस."

"नाना, तुम्ही तरी सांगा हिला."

मी चष्मा पुसत होतो. कठीण प्रसंगी मी चष्मा पुसतो. "तुझी आई म्हणते त्यात तथ्य आहे," मी म्हणालो. "तेवढा एक इशारा मिळतो आपल्याला. तोही घालवून बसायचं? ते घर चांगलं आहे, चारू. शांत आहे. कुणी बघणार नाही, बोलणार नाही. संध्याकाळी उत्तर द्यायचंय, आता हट्ट नको."

ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. मीही पडलो. प्रवासानं थकलो होतो.

कुमुदच्या हाकेनं जाग आली. चारूची जागा रिकामी होती. दारात तिच्या चपला नव्हत्या.

*

कुंभोजकरांच्या परसात विहीर होती, तिला कठडा नव्हता. कुमुद आधी तिकडे धावली. मी ओसरीवर उभा राहिलो. कुमुद विहिरीवर वाकली. मग तिनं मान वळवली आणि नाही म्हणून हलवली.

"ती गल्लीत गेली असेल," मी म्हणालो.

"मग जा ना! उभे काय राहिलात? मी कुंभोजकरांना उठवते."

मी निघालो. परक्या गावात वाट विचारायची म्हणजे मला संकट. दोन वळणं मी नुसत्या अंदाजानं घेतली आणि चुकलो. रस्ता उन्हानं ओस पडला होता. रेल्वेची शिट्टी झाली आणि मला रुळांची आठवण झाली. रूळ, फाटक, आणि एखाद्या पुलाच्या कडेला बसलेली चारू. मी थांबलो. श्वास रोखून धरला आणि कान दिले. आवाज यावा म्हणून मी इतक्या जिवाच्या आकांतानं कधी ऐकलं नव्हतं. कोंबडं ओरडलं, कुठंतरी भांडं पडलं. मग, अगदी बारीक, डाव्या हाताच्या घरांमागून ती तार आली. मी तिच्या मागोमाग गेलो.

दस्तगीरभाईंचं दुकान म्हणजे घराचाच पुढचा भाग. छपराला, भिंतींना, जिथं जागा मिळेल तिथं वाळलेले भोपळे टांगले होते, काही माणसाच्या डोक्यापेक्षा मोठे. सरसाचा आणि लाकडाच्या भुशाचा वास येत होता. मध्ये मांडी घालून एक जाडजूड गृहस्थ तंबोरा आडवा घेऊन बसले होते. तारांखालच्या हाडाच्या घोडीवर कानस फिरवत होते, तार छेडत होते, पुन्हा कानस फिरवत होते. आणि त्यांच्यासमोर चारू. तिच्या मांडीवर एक भोपळा होता, त्यावर ती बोटाच्या गाठीनं टकटक करत होती.

"हा कच्चा," ती म्हणाली.

"आता हा वाजवून बघ."

टकटक. "पक्का."

"बरोबर! मग, कोकणातली असलीस म्हणून काय झालं?" गृहस्थांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "या की. तुमची व्हय ही लेक? मघाधरनं माझे भोपळे तपासतीया. बी, चा टाक गं आणखी एक!"

आतल्या दारात त्यांची बायको उभी होती, खैरूनबी. "तुमच्या पोरीनं चा घेतला न्हाई ओ," ती म्हणाली. "आई रागावंल म्हनती."

चारूचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. नाही, पाहिला होता. ती सात-आठ वर्षांची असताना. मी रागवायला आलो होतो आणि दारातच उभा राहिलो. तेवढ्यात मागून कुमुद आणि कुंभोजकर आले. कुमुदच्या डोक्यावरचा पदर घसरला होता.

"ऊठ," ती म्हणाली. "ऊठ आधी."

चारू भोपळा हातात घेऊन उठली. दस्तगीरभाईंची तार वाजत होती. चारूनं काही म्हणायला तोंड उघडलं आणि भोपळा तिच्या हातातून सुटला.

तिनं हाक मारली नाही. ती बसलीही नाही. जशी उभी होती तशी कोसळली. कुमुदनं तिचा खांदा पकडला, पण तोंड जमिनीवर आपटलं आणि ओठ फुटला. मग तिचं सगळं अंग ताठ झालं.

पुढच्या काही क्षणांत गल्लीतली दहाबारा माणसं दारात जमली. कुठून येतात देव जाणे. "चप्पल!" कुणीतरी ओरडलं. "चप्पल हुंगवा तिला, चप्पल!" दस्तगीरभाई तंबोरा बाजूला ठेवून धडपडत उठले, दारातली चप्पल त्यांनी हातात घेतली आणि ते चारूवर वाकले.

मी तिच्या पुढ्यात उभं राहायचं होतं, माणसांची नजर अडवायची होती. मी तसा उभाच होतो. पण मग माझ्या तोंडून आवाज निघाला तो माझा नसल्यासारखा होता.

"नको!"

सगळे थांबले.

"चप्पल नको. कांदा नको. तोंडात काही घालू नका. तिला फिट येते." आणि कुणी ऐकलं नसेल म्हणून की काय, मी पुन्हा म्हणालो, "माझ्या मुलीला फिट येते. चार वर्षं झाली. तो आजार आहे. दुसरं काही नाही."

दारात कुंभोजकर उभे होते. त्यांनी ऐकलं. सगळ्या गल्लीनं ऐकलं. कुमुद मान वर करून माझ्याकडे बघत होती.

दस्तगीरभाई चप्पल हातात घेऊन वाकलेलेच होते. त्यांनी ती चप्पल खाली ठेवली.

"बरं," ते म्हणाले. "मग काय करू ते सांगा."

खारेपाटणात आम्हाला पुष्कळांनी पुष्कळ उपाय सांगितले होते. हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मला उत्तर पाठ होतं, डॉक्टरांनी सांगितलेलं, पुस्तकात तीनतीनदा वाचलेलं.

"ती पटाशी, कानस... ती हत्यारं लांब करा. डोक्याखाली काहीतरी मऊ द्या. धरू नका तिला. थांबलं की कुशीवर वळवायचं. एवढंच."

"एवढंच?"

"एवढंच. आणि थांबायचं."

त्यांनी हातानं सगळी हत्यारं कोपऱ्यात लोटली. खैरूनबीनं खुंटीवरची तंबोऱ्याची गवसणी ओढली, कापूस भरलेली जाड खोळ, तिची घडी केली आणि चारूच्या डोक्याखाली सरकवली. मग सगळे थांबले. शेजारच्या दुकानांतलं काम बंद पडलं होतं. सगळी गल्ली गप्प होती.

थांबलं. कुमुदनं तिला कुशीवर वळवलं, पदरानं ओठाचं रक्त पुसलं. बऱ्याच वेळानं चारूनं डोळे उघडले. तिनं आढ्याकडे, भोपळ्यांकडे पाहिलं. आपण कुठं आहोत हे तिला आठवत असावं.

"बंद का केलं?" ती पुसट आवाजात म्हणाली.

कुणालाच कळेना.

"वाजवा ना."

दस्तगीरभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी बसल्या जागेवरून हात लांब केला आणि तार छेडली.

*

माणसं पांगली. चहा आला. चारू गवसणीवर डोकं ठेवून पडली होती. कुमुद तिच्याजवळ बसली होती आणि आता तिला राग यायला सवड झाली होती.

"तुला कळलं का, येतंय ते?"

"नाही."

"ऐकलंत?" कुमुद माझ्याकडे वळली. "मी मघापासून हेच सांगत होते. कळलं नाही तिला. तोंड फुटलं. उद्या डोकं फुटेल."

"आई." चारूला बोलताना ओठ दुखत होता. "मी घरी काय करते माहीत आहे?"

"काय करतेस?"

"ऐकत बसते. अभ्यास करताना, जेवताना. तू गोष्ट सांगत असतेस ना, तेव्हापण. वाजतंय का, वाजतंय का, हेच. सगळं शांत झालं की जास्तच. ते सकाळचं घर..." ती थांबली. "तिथं मला दुसरं कामच राहणार नाही, आई."

कुमुदनं पदराचं रक्ताळलेलं टोक दुमडलं.

"इथं मी ऐकलंच नाही. विसरले. पडले, पण पडेपर्यंत मी भोपळे बघत होते."

दस्तगीरभाईंनी चहाची बशी तोंडाला लावली होती, ती तशीच राहिली. मी चष्मा काढला, पण पुसला नाही.

कुमुद उठली. "तुमची न्हाणी कुठं आहे?" तिनं खैरूनबीला विचारलं. तिला तोंड धुवायचं असेल असं त्या बाईला वाटलं असणार. ती तांब्या घेऊन पुढे झाली. आतून दार लावल्याचा आवाज आला. कडीचा आवाज आला. पुन्हा उघडल्याचा. मग कुमुद जिन्याच्या पायथ्याशी दिसली. तिनं एका पायरीवर पाय ठेवून दाबून पाहिला आणि खाली घेतला. मग पलीकडच्या खोलीत डोकावली.

"ही खोली कसली?"

"भोपळ्यांची," दस्तगीरभाई म्हणाले. "कोठार हाय ते. भाड्याची वरची."

"वरची नको. ही द्याल?"

"आणि भोपळं कुठं घालू वैनी?"

"वर. भोपळ्यांना जिन्याचं भय नाही."

"दहा वर्षं झाली मी ह्यास्नी सांगतीया," खैरूनबी आतून म्हणाली, "ते भोपळं वर न्या म्हनून! उंदरं होत्यात. ऐकतंय कोण?"

"बघा," दस्तगीरभाई मला म्हणाले, "अजून राहायला आली न्हाईत, तवर दोघींची एकी झाली."

कुंभोजकरांनी मला दाराबाहेर घेतलं. आता नोकरीचं बोलणार, असं मला वाटलं. पण त्यांनी फिटबद्दल विचारलं नाही. आवाज खाली आणून म्हणाले, "सर, माणूस सोन्यासारखा हाय, माझं काही म्हणणं न्हाई. पण मुसलमानाचं घर. तुमच्याकडची लोकं काय म्हणतील, विचार केलाय का?"

उत्तर आतून आलं, कुमुदकडून. "आमच्याकडची लोकं काय म्हणतात ते ऐकूनच इथवर आलोय, भाऊजी."

कुंभोजकर हसले आणि मग गंभीर झाले. "आणि चिटणीसांस्नी काय सांगू? पोरीचं..."

"सांगा," मी म्हणालो. "जे ऐकलंत ते सांगा. तरी चालत असेल तर माझा होकार आहे."

"चालंल की. शिकवायचं तुम्ही हाय, पोरीनं न्हाई. आणि गार्डसाहेबांच्या घराला काय कळवू? किल्ली घेऊन बसलोय मी."

"घर चांगलं आहे म्हणावं. फार शांत आहे."

"अहो, शांत हाय म्हणूनच तर तुम्हाला..." ते बोलता बोलता थांबले, त्यांनी आत पडलेल्या चारूकडे पाहिलं, आणि किल्ली खिशात टाकली.

आत दस्तगीरभाई पक्कड घेऊन न्हाणीच्या दाराशी उकिडवे बसले होते. कुमुदनं त्यांना काय सांगितलं होतं ते मी ऐकलं नव्हतं. खिळे गंजलेले होते, एकेक उपसताना करकर वाजत होते.

"देवानं कौल का दिला नाही ते कळलं," कुमुद माझ्या कानाशी म्हणाली. "ज्याचं त्यानं बोलायचं होतं."

*

जूनमध्ये आम्ही त्या खोलीत राहायला आलो आणि चारूचं लग्न होईपर्यंत तिथंच राहिलो. औषध बदललं, चक्कर यायची कमी झाली, मग पुष्कळच कमी झाली; अगदी थांबली असं मात्र म्हणता येणार नाही.

त्या घरात न्हाणीला कडी नव्हती. म्हणून खैरूनबीनं नियम घालून दिला होता: आत जो असेल त्यानं गुणगुणायचं, म्हणजे बाहेरच्याला कळेल. दस्तगीरभाई कव्वाली म्हणत. कुमुद आरत्या म्हणे, आषाढातही गणपतीच्या. मला गाणं येत नाही; मी पाढे म्हणत असे, आणि गल्लीतले लोक मला अडतिसाच्या पाढ्यावरून चिडवत.

चारू आंघोळीला गेली की तिला सुचेल ते गुणगुणे. कधी मध्येच तिचं गुणगुणणं थांबे. साबण डोळ्यांत गेला असेल, शब्द आठवत नसतील. तेव्हा आधी आमच्या दुकानातली कानस थांबायची. मग शेजारची. मग समोरची. मी पुस्तकातून डोकं वर काढत असे. खैरूनबी तवा उतरवून दाराशी येई. पलीकडच्या टोकाला कुणीतरी एखादी तार लावत असे, तीही थांबायची. सगळी गल्ली ऐकत उभी राहायची.

"आहे, आहे!" चारू आतून ओरडायची. "मेले नाहीये! वाजवा!"

आणि मग एकेक करून तारा पुन्हा सुरू व्हायच्या.